सुट्टीतली मळमळ

११ सप्टेंबर १९४५, नेपल्सच्या बाहेर

नवी वही. पहिल्या पानावर नाव-गाव लिहावं म्हणजे हरवली तरी परत येते, असं थंकम्मा सिस्टर म्हणते. तर, दया योहान भांबळ, मुक्काम केडगाव, जिल्हा अहमदनगर. सध्या इटलीत, हिंदी फौजेच्या हॉस्पिटलात नर्स.

लढाई संपून उन्हाळा गेला. वॉर्ड अर्धेअधिक रिकामे झालेत आणि आम्हाला घरी नेणाऱ्या जहाजाचा पत्ता नाही. मेट्रनबाईंनी आज बोलावून सांगितलं, की थोडी रजा घ्या आणि समुद्रकाठची जुनी शहरं बघून या, पुन्हा कोण इकडे येणार आहे. कॅप्टन साळवे ट्रक मिळवणार आहेत. त्यांचं नि माझं ठरल्यात जमा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थंकम्माला सोबत धाडलं आहे. ती त्रावणकोरची, पन्नाशीची, बसल्या जागी झोपणारी. सोबत म्हणून तिचा काय उपयोग होणार ते देव जाणे.

डॉक्टर एलिया साळवे देवळाली प्रवऱ्याचे. हुशार आहेत, हात हलका आहे, रोग्याशी गोड बोलतात. बाबांनी पत्रात लिहिलं, असं स्थळ मास्तराच्या दारी चालून येत नाही, प्रभूचे आभार मान. मी मानले. माझं सत्ताविसावं सरत आलंय. डॉक्टरांमध्ये मला एकही खोड काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

१३ सप्टेंबर, पोत्सुओली

हे गाव पाहायचा हट्ट माझा. पौल प्रेषित कैदी होऊन रोमला चालला तेव्हा या बंदरात उतरला. लहानपणी बाबा रविवारच्या शाळेत नकाशावर छडी टेकवून हे गाव दाखवायचे. मला वाटायचं, तिथं सगळं पांढरं नि स्वच्छ असेल.

धक्क्यावर माशांची आतडी पडली होती, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, कुजलेली जाळी. भिंतीपाशी लोक उघड्यावर बसत होते. त्यात गावामागच्या टेकडीतून गंधकाची वाफ निघते, तिचा नासक्या अंड्यांसारखा वास साऱ्या गावावर बसलेला. जुन्या रोमी बाजाराचे तीन खांब उभे आहेत. त्यांना मध्यावर किड्यांनी भोकं पाडली आहेत. डॉक्टर म्हणाले, ही जमीन समुद्राखाली गेली होती आणि पुन्हा वर आली, ती भोकं समुद्रातल्या किड्यांची. आमचा ड्रायव्हर नबीलाल काष्टीचा. तो खांबांकडे बघून म्हणाला, "ह्यो बाजार म्हंता बाई? आमच्या काष्टीच्या बाजाराला छप्पर न्हाई, पर अशी भोकं बी न्हाईत."

एका म्हाताऱ्या खलाशाजवळ पितळी होकायंत्र होतं. डॉक्टरांना ते आवडलं. त्यांनी साबणाची वडी काढली. म्हातारा हात पुढे करायचा, डॉक्टर हसून वडी खिशात टाकायचे, पुन्हा काढायचे. म्हाताऱ्याचे डोळे त्या खिशाबरोबर खालीवर होत होते. शेवटी होकायंत्र आमच्याकडे आलं. डॉक्टरांनी वडी चाकूनं मधोमध कापली आणि अर्धी त्याला दिली.

"अख्खी दिली असती तरी चाललं असतं," मी म्हणाले.

"अर्ध्यात होत असेल तर अख्खी कशाला, सिस्टर?"

ते खरंच आहे. व्यवहार मला कळत नाही. परत येताना ट्रक थांबवून ओकावं लागलं. गंधक फार लागला.

१४ सप्टेंबर, सोरेंटो

कड्यावरचं मोठं हॉटेल, खाली निळंशार पाणी. अफसरांसाठी राखलेलं आहे. जेवणात सूप, मासा, कोंबडी, पुन्हा गोड. जेवणघराच्या खिडकीतून स्वयंपाकघराचं मागचं दार दिसतं. तिथं गावच्या बाया भांडी घेऊन उभ्या असतात. त्यांना आमचं उष्टं मिळतं. एका गोऱ्या अफसरानं उठताना ताटातल्या कोंबडीत सिगरेट विझवली. ते ताटही तसंच मागल्या दारी गेलं. एका बाईनं थोटूक काढून बाजूला ठेवलं, बहुतेक नवऱ्यासाठी, आणि कोंबडी भांड्यात घेतली.

मी माझं ताट तिकडे पाठवून दिलं. मला ते खाववलं नाही. इथलं तेल जड आहे.

संध्याकाळी डॉक्टर मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले. "तू फार मनाला लावून घेतेस. हरलेल्या देशात असंच असतं." मग चहा मागवून स्वतः कपात ओतून दिला. माणूस काळजी घेतो.

१५ सप्टेंबर, अमाल्फी

आजचं नीट लिहून ठेवायचं आहे.

रस्ता डोंगराच्या कमरेला दोरी बांधावी तसा. एका अंगाला लिंबांच्या बागा, दुसऱ्या अंगाला खोल समुद्र. थंकम्मा डोळे मिटून प्रार्थना करत होती. नबीलाल म्हणाला, "सिस्टर, तुमी डोळं मिटा, पर मला उघडं ठिवू द्या."

अमाल्फी चिमुकलं आहे. पण एकेकाळी इथली गलबतं लांबच्या देशांना जायची, इथल्या कायद्यानं समुद्रावरचे तंटे सुटायचे. आता चौकात देवळाच्या उंच पायऱ्या आहेत आणि त्यांवर बसलेली रिकामी माणसं. गल्ल्या म्हणजे जिने. भिंतींना ओल, मोरीत मांजरं मेलेली. मी पदर नाकाला लावूनच फिरले. ही ऐतिहासिक शहरं चित्रातच बघावीत.

डॉक्टरांच्या बॅगेवरचा क्रॉस पाहून एका बाईनं त्यांची बाही धरली. कार्मेला तिचं नाव. तिची मुलगी तापानं फणफणली होती. आम्ही जिने चढून लिंबांच्या कोठारावरच्या खोलीत गेलो. मुलगी सतरा-अठराची, श्वास घेताना नाकपुड्या फुलत होत्या. डॉक्टरांनी तिच्या पाठीला कान लावला, बोटांनी ठोकून पाहिलं, तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. न्यूमोनिया. "वेळेवर आलो," ते म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते.

त्यांच्याजवळ सल्फाच्या गोळ्या होत्या, स्वतःच्या. त्यांनी कुपी दाखवली. कार्मेलानं पेटीतून पोवळ्यांचा हार काढला. लालबुंद, लग्नातला असावा. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला. मग ते मुलीकडे बघत राहिले. मला वाटलं तिचा श्वास मोजताहेत. तिच्या कानांत त्याच पोवळ्यांचे डूल होते, आकडे कानांत रुतून बसलेले.

डॉक्टरांनी अर्ध्या गोळ्या कागदावर ओतल्या, कुपीला बूच लावलं आणि आपल्या कानाला बोट लावून दाखवलं. उरलेल्या सकाळी. डूल आणल्यावर.

जिना उतरताना मी म्हणाले, "डॉक्टर, सल्फा अर्धवट देऊ नये. तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"अर्धवट कोण देतंय? पूर्ण देणार. जोडी मोडली की हाराला किंमत राहत नाही, एवढंच."

"नाही आणले तर?"

"आई आहे ती. आणेल."

रात्रीच्या जेवणात खारवलेले बारीक मासे होते. सगळे उलटून पडले.

१६ सप्टेंबर, सालेर्नोच्या वाटेवर

सकाळी कार्मेला वेळेवर आली नाही. डॉक्टर म्हणाले, चला. पण नबीलालचं आटपेना. आधी रेडिएटरमध्ये पाणी, मग चाक ठोकून बघणं, मग पुन्हा पाणी.

"काय रे, कालच भरलं होतंस ना?"

"आटलंय सायब. डोंगर लई प्याला."

हा ड्रायव्हर आळशी आहे. तेवढ्यात कार्मेला जिने उतरत धावत आली. मुठीत डूल. घाईनं काढले असावेत, एकाच्या आकड्याला रक्त सुकलेलं होतं. डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं ते पुसलं आणि उरलेल्या गोळ्या तिला मोजून दिल्या, कधी द्यायच्या ते खुणांनी दोनदा समजावलं, तिच्या खांद्यावर थोपटलं. तिनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

म्हणजे सर्व काही यथास्थित झालं. मुलगी वाचेल. डॉक्टर नसते तर वाचली नसती. ट्रक चालू झाल्यावर त्यांनी हार आणि डूल माझ्या ओंजळीत ठेवले. "तुला. लग्नाचं." थंकम्मा जागी होऊन म्हणाली, "हाउ लव्हली."

मला ते हातात धरवेनात. स्पिरिटचा वास येत होता. मी वर्षानुवर्षं स्पिरिटमध्येच वावरले आहे, हा वास कधी बाधला नाही. पण रस्त्याची वळणं फार होती.

१७ सप्टेंबर, सालेर्नो

मोठं बंदर, निम्मं पडलेलं. एका जुन्या देवळाच्या अंगणात बसून डॉक्टरांनी पुढचा बेत सांगितला. नगरला माळीवाड्यात दवाखाना काढायचा. फौजेचा औषधांचा साठा आता लिलावात निघेल, तो मिळेल तेवढा घ्यायचा.

"लोक म्हणतात आमच्याकडे काही नाही. तसं नसतं, दया. प्रत्येक घरात काहीतरी असतंच. तांबं, पितळ, एखादी चांदीची सरी. फक्त वेळ यावी लागते."

मी औषधं द्यायची, ते तपासणार. पुढे बंगला, मोटार, बाबांना आमच्याकडेच आणायचं. बेत चांगला आहे. मी तसं म्हणाले. पोवळी त्यांनी परत मागून घेतली, इथं हरवतील म्हणून. मला हायसं वाटलं. मी वेंधळी आहे, हरवलीच असती.

३ फेब्रुवारी १९४६, केडगाव

घरी येऊन पंधरवडा झाला. बाबा थकलेत, पण चेहरा नव्यासारखा दिसतो. डॉक्टर आधीच येऊन गेले होते. आमच्या देवळातल्या मंडळीला त्यांनी नवी पेटी भेट दिली आहे आणि बाबा ती दर रविवारी उपासनेत वाजवतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण मला म्हणतो, नशीब काढलंस पोरी.

माळीवाड्यातला दवाखाना सुरू झाला. मी रोज टांग्यानं जाते.

१० मार्च

आज मंडळीत आमच्या लग्नाची पहिली पुकार झाली. तीन रविवार नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून विचारतात, मग लग्न. पाळकसाहेबांनी नावं वाचली तेव्हा बाबा पेटीवर ताठ बसले होते.

उपासनेनंतर डॉक्टरांनी रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं. घरी आल्यावर मी हात कोपरापर्यंत साबणानं घासला. पुणे रस्त्यावर धूळ फार झाली आहे.

१४ मार्च

दवाखान्याच्या मागल्या खोलीत आता जागा उरली नाही. घागरी, परात, समया, एक पाळण्याची साखळी. डॉक्टर कोणालाही हाकलत नाहीत. कोणाशी चढ्या आवाजात बोलत नाहीत. बनुबाई नावाची एक म्हातारी आज जाताना त्यांच्या पाया पडली. तिची परात आत ठेवायला मी गेले तर तिच्या काठाला पीठ लागलेलं होतं, ओलं. सकाळीच भाकरी केल्या असतील.

दुपारचा डबा तसाच परत आणला. बाबांना वाटतं, लग्नाच्या काळजीनं मी वाळते आहे.

२१ मार्च

झेंडीगेटच्या मलिकाबी आपल्या सुनेला घेऊन आल्या. सून शमशाद, बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. अंगात भयंकर ताप, पोट ताठ, जवळ उभं राहवत नाही असा वास. बाळंतज्वर. मी तिला पुसून काढलं, कपडे बदलले. त्या वासानं मला काही झालं नाही. इतक्या दिवसांनी तब्येत सुधारलेली दिसते.

डॉक्टरांनी तपासलं, मलिकाबींना धीर दिला. त्यांच्या डोक्यावर तांब्याचा हंडा होता, तो घेतला आणि अर्ध्या गोळ्या दिल्या.

"घरी याचा जोड असेल ना, अम्मा?"

"एकच उरलाय सायेब. पानी त्याच्यातच भरतो आमी."

"तो घेऊन या. बाकीच्या तयार ठेवतो."

मग ते कपाटाला कुलूप लावून, किल्ली घेऊन देवळालीला गेले. लग्नाची आमंत्रणं द्यायची होती.

२२ मार्च

मलिकाबी सकाळी आल्या, हात रिकामे. हंडा दिला तर पाणी कशात भरायचं, म्हणून कुठून दुसरं भांडं मिळतं का ते बघत होत्या. "सूनबाई वळखंना झालीय," म्हणाल्या. "तुमी तरी द्या बाई."

किल्ली नव्हती. डॉक्टर उद्या येणार. मी थोडा वेळ कपाटासमोर उभी राहिले. मग खलातला बत्ता घेतला आणि कुलूप तुटेपर्यंत घातला. गोळ्या घेऊन मी स्वतः झेंडीगेटला गेले आणि संध्याकाळपर्यंत शमशादपाशी बसले. चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. ताप उतरायला लागला, तिनं बाळ कुठंय विचारलं, तेव्हा निघाले. मलिकाबींनी चहा दिला. कप कानाशी फुटका होता. मी चहा प्याले, आणि तो पोटात राहिला.

२३ मार्च

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते हसले. तुटलेलं कुलूप हातात घेऊन म्हणाले, "नर्स चांगली आहेस. पण बायको झाल्यावर असं करू नकोस." मग टांगा बोलावला. "चल, तुझी रोगी बघून येऊ."

मला बरं वाटलं. मनात म्हटलं, मी या माणसाला उगाच वाईट समजत होते.

शमशाद उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, बाळाच्या गालाला बोट लावलं. "आता भीती नाही, अम्मा." मलिकाबी रडायला लागल्या. त्यांचं रडणं संपेपर्यंत डॉक्टर थांबले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या हंड्याकडे पाहिलं.

"तेवढं राहिलं."

मी म्हणाले, "डॉक्टर, तो राहू द्या. ती बरी झाली आहे."

"बरी झाली म्हणूनच," ते शांतपणे म्हणाले. "औषध लागू पडलं."

हंडा भरलेला होता. नळाला पाणी येऊन गेलं होतं, आता उद्याच येणार. मलिकाबींनी दारात उभ्या असलेल्या शेजारणीकडे बघितलं, मग हंडा उचलून अंगणात नेला आणि उपडा केला. पाणी दगडांमधून वाहून गेलं. त्यांनी पदरानं हंडा आतून-बाहेरून पुसला. शमशाद खाटेवरून बघत होती. डॉक्टरही बघत होते, कुठे पोचा आहे का ते.

टांग्यात जागा कमी म्हणून हंडा माझ्या मांडीवर दिला. गार होता. पुसूनही तळाशी थोडं पाणी राहिलं होतं, ते लुगड्यातून मांडीला लागलं. डॉक्टर आमंत्रणांचं सांगत होते, कोणकोण येणार ते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ना गंधक होता, ना तेल, ना समुद्र. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. स्वच्छ हात. नखं कापलेली.

२४ मार्च, रविवार

तिसरी पुकार.

बाबांनी सकाळीच कोट घातला होता. मी त्याची कॉलर नीट केली. देवळात बायकांच्या बाजूला बसले. डॉक्टर पलीकडे, पहिल्या बाकावर.

पाळकसाहेबांनी वाचलं, "एलिया दाविद साळवे, राहणार देवळाली प्रवरा, आणि दया योहान भांबळ, राहणार केडगाव, यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणाची रास्त हरकत असेल तर त्यानं ती आता सांगावी." एवढं म्हणून ते पान उलटायला लागले, कारण हरकत कोणी घेत नसतं.

मी उभी राहिले. शेजारच्या बाईनं मला घेरी आली समजून दंड धरला.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "दया, हे तुझंच लग्न आहे, बाई."

"हो."

"मग कारण सांगावं लागेल. डॉक्टरांचं आधी कुठं लग्न झालेलं आहे का?"

"नाही."

"काही व्यसन? काही गैरवर्तन?"

"नाही. ते दारू पीत नाहीत. कोणावर हात उगारत नाहीत. रोगी बरे करतात." माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. "मला त्यांची किळस येते."

कुणाचं तरी मूल बोलत होतं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. पाळकसाहेब म्हणाले, किळस ही रास्त हरकत होत नाही. मी म्हणाले, माझ्याजवळ दुसरी नाही. मग मलिकाबींचा हंडा सांगितला. पाणी ओतून दिलं ते सांगितलं. अमाल्फीच्या मुलीचे कान सांगितले. ते सगळं सांगायला किती थोडा वेळ लागतो याचं मला आश्चर्य वाटलं. पुरुषांच्या बाजूनं कोणी म्हणालं, "फुकट कोण देतं औषध?" आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "माझी समई हाय तिथं." तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

डॉक्टर उठून माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर राग नव्हता. "युद्धाचा थकवा आहे," ते पाळकसाहेबांना म्हणाले, "बऱ्याच नर्सेसना होतो." आणि नाडी पाहायला त्यांनी माझ्या मनगटाकडे हात नेला. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते तसेच थोडा वेळ थांबले, हात पुढे केलेला. मग घड्याळ नीट केल्यासारखं करून बाहेर गेले.

पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. बाबांनी पेटी धरली आणि सारी कडवी वाजवली. गाणारे थोडेच होते.

घरापर्यंत बाबा माझ्यापुढं चालत राहिले. अंगणात आल्यावर म्हणाले, "सगळ्यांदेखत बोलायची गरज होती?"

"घरी बोलले असते तर तुम्ही मला समजावलं असतं."

ते उंबऱ्यावर बसले. कोट काढला नाही. मग म्हणाले, "समजावलं असतंच. आजही समजावावंसं वाटतंय." बुटांचे बंद सोडत म्हणाले, "उद्या मिशनच्या दवाखान्यात मी जाऊन विचारतो, नर्सची जागा आहे का. तू येऊ नकोस. तुला बघून लोक पुन्हा तेच विचारत बसतील आणि तू पुन्हा तेच सांगशील."

म्हटलं, बरं.

चुलीपाशी कालच्या भाकरी होत्या, वाळलेल्या. मी तेल-तिखट घेतलं आणि तिथंच बसून खायला लागले. एक झाली, दुसरी घेतली, मग तिसरीही. बाबा दारातून बघत होते.

"हळू खा," ते म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या भरून माझ्याजवळ ठेवला.